कंसातले चिन्ह

रविवार, दिनांक ७ ऑगस्ट १९८३. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.

जयराम,

हे पत्र लिहायला बसलो त्याआधी मी दाढीच्या ब्लेडने बीजगणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने कापत होतो. त्या पानांवर उत्तरसूची होती. पट्टी धरून कापली, त्यामुळे कडा सरळ आली आहे. पाने कोणी काढली असे वाटणार नाही, मुळातच नव्हती असे वाटेल. मग खाकी कव्हर घातले आणि वर नाव घातले : सौ. सगुणा जयराम अहिरे, इयत्ता दहावी (बहिःस्थ).

पत्राच्या आरंभी सप्रेम जयभीम लिहिण्याची रीत आहे. जयभीम लिहितो. सप्रेम लिहीत नाही.

काल तुझ्या आईने मला तुमच्या नाशिकच्या कॉलनीत बोलावून घेतले. मी अंबडच्या कारखान्यातून सुटल्यावर तसाच गेलो. भिमामावशी म्हणाली, सूनबाईने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, बाकीचे विषय ती आपले आपण करील, गणित तेवढे तू बघ. शिवाय तुझी अट सांगितली. मार्चमध्ये दहावी पास झाली तर तू तिला बडोद्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये नेणार, नाही झाली तर तिने नांदगावला माहेरी जायचे आणि परत यायचे नाही. मावशी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. सगुणावहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळे ऐकले असणार, कारण खोली एकच आहे.

मी होय म्हणालो. का म्हणालो ते तुला कळवणे मला योग्य वाटते.

नोव्हेंबर १९७६. मला कांजिण्या आल्या होत्या आणि शाळेत वर्गसमीकरणे शिकवली ती नेमकी तेव्हाच. आपण दोघे सावळीराममामाकडे राहून शिकत होतो. मामाने सांगितले होते की पगारात एकालाच पुढे शिकवता येईल. जो पहिल्या झटक्यात पास होईल तो. तुझे शुद्धलेखन कच्चे होते, ते मी सुधारून घेतले. बदल्यात तू मला गणित शिकवायचे ठरले. आपल्यात पुस्तक एकच होते आणि त्याची उत्तरांची पाने आधीच गळाली होती. ओट्यावर बसून तू मला सांगितलेस : मधल्या पदाची फोड कर, दोन कंस पाड, आणि कंसात जी संख्या दिसेल तीच चिन्हासकट उत्तर म्हणून उचल. क्ष अधिक बारा असेल तर उत्तर बारा. क्ष उणे सात असेल तर उत्तर उणे सात. मी विचारले होते, ताळा करून पाहायचा का? तू म्हणालास, परीक्षेत ताळ्याला वेळ नसतो.

मी सगळ्या पेपरात तसेच लिहिले. सात मार्कांनी गेलो. तू आयटीआयला गेलास, मी गावी गेलो. चार वर्षे मला वाटत होते की माझे डोकेच कमी आहे. दुकानात मोड परत घेतानासुद्धा मी बोटे मोजायचो, कारण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

मग तुझ्या हळदीला तू गोटीराम आणि काळूसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "ह्या पठ्ठ्याला मी चिन्ह उलटं शिकवलं होतं. ह्यानं बोर्डाच्या पेपरात जसंच्या तसं उतरवलं." सगळे हसले. मीही हसलो, कारण हातात हळदीची वाटी होती आणि दुसरे काय करावे ते सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी एका मुलाचे पुस्तक मागून पाहिले. कंस शून्याबरोबर ठेवायचा असतो. क्ष अधिक बारा बरोबर शून्य, म्हणून क्ष बरोबर उणे बारा. एका ओळीचे काम. ती एक ओळ तू मला सांगितली नाहीस.

आता तुझी बायको माझ्यासमोर पाटी घेऊन बसणार आहे. मी तिला गणित शिकवीन, जसे तू मला शिकवलेस तसेच. कंपनीच्या कॉलनीत फोरमनच्या बायकांमध्ये सांगायला तुला दहावी पास बायको हवी आहे ना? बघू.

तिचा यात दोष नाही हे मला माहीत आहे. माझाही नव्हता.

धोंडीराम

(हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहून काढले आहे. पहिल्या प्रतीत दोन ठिकाणी खाडाखोड होती.)


रविवार, दिनांक ४ सप्टेंबर १९८३.

जयराम,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. त्यावर एवढेच आहे : "पत्र पोचले. चालू दे. जयराम." मी कार्ड उलटून पाहिले, कोपऱ्यात काही लिहिले आहे का तेही पाहिले. काही नाही.

मला वाटले होते तू धावत येशील, निदान शिव्या तरी घालशील. तुझ्या बायकोचे वर्ष मी बुडवणार आहे असे मी स्वच्छ अक्षरात लिहिले आणि तू म्हणतोस, चालू दे. कदाचित तुला वाटत असेल की धोंडीरामच्या हातून असे काही होणार नाही. लग्नात जे हसलास तेच पुन्हा हसला असशील. तर ऐक, काय चालू आहे ते.

बुधवारी आणि रविवारी शिकवणी असते. मावशी उंबऱ्याजवळ सुपात तांदूळ घेऊन बसते. वहिनी शिवणाचे मशीन झाकून ठेवतात आणि त्याच्याच फळीवर वही ठेवतात. त्यांना पाढे तिसापर्यंत पाठ आहेत. मधल्या पदाची फोड करायला मला पुरे पान लागायचे, त्यांना लागत नाही. मी म्हणतो, गुणाकार चौऱ्याऐंशी आणि फरक पाच. त्या ओठ हलवतात आणि सांगतात, बारा आणि सात. वडील रंगनाथ नांदगावच्या बाजारात मापाडी आहेत, धान्याची मापे घालतात. लहानपणी त्यांच्याबरोबर बसून आकडे धरायची सवय लागली असे त्या म्हणाल्या.

मावशीला क्ष आवडत नाही. परवा तिने विचारले, "हा क्ष म्हणजे कोण रे? महिना झाला तुमी त्याला शोधताय."

मी सांगितले, ज्याचा पत्ता नसतो त्याला क्ष म्हणतात.

"मग आमचा जयरामच की," ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली. वहिनींनी मान खाली घातली. हसल्या की काय ते मला दिसले नाही.

बुधवारी कंस पाडून झाले. आज शेवटची पायरी आली. मी पेन्सिलीला दोनदा टोक केले. मी सांगितले, कंसातली संख्या चिन्हासकट उचला. वहिनींनी ते वहीत लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "इतकं सोपं हाय होय? उगाच घाबरत होते."

मी घरी आलो. लगेच हे पत्र लिहायला बसलो.

काम झाले आहे. तुला कळावे म्हणून लिहिले.

धोंडीराम


रविवार, दिनांक २ ऑक्टोबर १९८३.

जयराम,

कारखान्याला सुट्टी होती म्हणून आज सकाळीच गेलो होतो. शाब्दिक उदाहरणे चालू आहेत. उदाहरण असे : एका आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा पाच मीटर जास्त आहे, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? वहिनींनी समीकरण मांडले, कंस पाडले, आणि मी शिकवल्याप्रमाणे उत्तरे उचलली. बारा आणि उणे सात. रुंदी उणे असत नाही म्हणून उणे सात अमान्य केले आणि लिहिले, रुंदी बारा मीटर.

मी पुढचे उदाहरण सांगू लागलो. त्या थांबल्या.

"भाऊजी, हे जुळत नाय."

मी विचारले, काय?

"रुंदी बारा, तर लांबी सतरा. बारा सत्ते चौऱ्याऐंशी असतं, बारा सतरे नाय. बारा सतरे दोनशे चार. शेत चौऱ्याऐंशीचं सांगितलंय."

मी म्हणालो, परीक्षेत ताळ्याला वेळ नसतो.

जयराम, हे तुझे वाक्य आहे. सात वर्षे ते माझ्या डोक्यात होते आणि तोंडातून जसेच्या तसे बाहेर आले. वहिनी म्हणाल्या, त्यांचे वडील एकदा घातलेल्या मापावर कधी आकडा सांगत नाहीत. पुन्हा उलट बाजूने माप घालतात आणि दोन्ही जुळले तरच ओरडून सांगतात. व्यापारी कितीही घाईत असला तरी. "न जुळलेला आकडा मला लिहवत नाय," त्या म्हणाल्या. त्यांनी मागची पाच उदाहरणे उघडून दाखवली. त्यांनी रात्री बसून एकेकाचा ताळा केला होता आणि एकही जुळले नव्हते. आपलेच काही चुकत असेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

आपलेच काही चुकत असेल. हे मला चांगले ओळखीचे आहे.

मला तिथून निघून जायचे होते. मी मावशीला म्हणालो की माझे गणित कच्चे आहे, मी स्वतः नापास आहे, तुम्ही पैसे देऊन एखादा मास्तर बघा.

मावशी म्हणाली, "आरं, जयरामनंच तुझं नाव घेतलं. मे महिन्यात आला होता तवा जेवताना म्हणला, मास्तरावर पैसे घालू नको, गणिताला धोंडीरामच धर. त्याच्यावानी कोणी शिकवणार नाय."

"हसत म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "मला तेव्हाच वाटलं, हसले का."

मग मला तुझे पोस्टकार्ड कळले.

मी तुझ्यावर सूड उगवत नव्हतो. तुझे काम करत होतो. तुला बायको नकोच आहे. तिला नांदगावला धाडायचे आहे, पण धाडले असे कोणी म्हणता कामा नये. ती नापास झाली म्हणून गेली असे झाले पाहिजे. आणि त्यासाठी तुला एक माणूस हवा होता ज्याला चिन्ह उलटे येते. तो तुला माहीत होता, कारण तूच तो तयार केला होतास. मी तुला पहिले पत्र लिहिले तेव्हा तू किती खूश झाला असशील याचा मी दिवसभर विचार करतो आहे.

मी त्या दोघींना सगळे सांगितले. ओटा, कांजिण्या, हळद, ब्लेड, सगळे. मावशी तांदूळ निवडत राहिली, पण काढलेले खडे पुन्हा सुपातच टाकत होती.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दोघं सारखेच."

मी होय म्हणालो.

"आता बरोबर शिकवा. रडायला मला वेळ नाय, मार्च जवळ हाय."

कापलेली पाने मी टाकली नव्हती. संध्याकाळी खळ शिजवून ती परत चिकटवली. आता पुस्तक त्या जागी जरा जाड झाले आहे.

जयराम, तू मला सात वर्षांपूर्वी चुकीचे शिकवलेस याचा राग होता तो होताच. आता जे आहे ते वेगळे आहे. तुझी बायको पास होणार. तुला नको आहे म्हणून होणार. मी तिच्याकडून एकेक उदाहरण दहादा करून घेईन.

धोंडीराम


रविवार, दिनांक १५ जानेवारी १९८४.

जयराम,

तू आईला पाठवलेले पत्र डिसेंबरातच पोचले. तू विसरलास की मावशीला वाचता येत नाही आणि तिची पत्रे आजवर मीच वाचून दाखवत आलो आहे. वहिनी ब्लाऊज द्यायला गंगापूर रोडला गेल्या होत्या. मावशीने पाकीट माझ्या हातात दिले.

मी ते मोठ्याने वाचले. एकही शब्द गाळला नाही. "धोंडीराम रोज घरी येतो असे माझ्या कानावर आले आहे. लोक बोलतात. शिकवणी ताबडतोब बंद करावी. अशी बाई मला घरात नको." तू "ताबडतोब" बरोबर लिहिले आहेस. पूर्वी लिहीत नव्हतास.

मावशी म्हणाली, परत वाच. मी परत वाचले. ती उठली, बाहेर जाऊन तोंड धुतले आणि येऊन म्हणाली, जबाब लिहून घे. तिचा जबाब तुला मिळाला असेलच, पण तो मी पोस्टात टाकण्याआधी पाठ झाला म्हणून पुन्हा लिहितो : "जयराम, दार उघडं असतं. म्या उंबऱ्यात बसते. ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. तू पण ये."

तू आला नाहीस.

मात्र लोक बोलतात हे खरे होते. बोलणाऱ्यात काळू होता. तुझ्या कानावर कोणी घातले तेही त्यामुळे कळले. मग मावशीनेच तोड काढली. शिकवणी आता विहाराच्या ओट्यावर असते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या समोर. पहिल्या आठवड्यात नुसती गंमत बघायला सुलाबाई येऊन बसली. ती कचेरीत झाडलोट करते, सही शिकून दोन वर्षे झाली आहेत. मग आणखी दोघी आल्या. आता फळ्यासमोर वहिनी उभ्या राहतात आणि मी बाजूला बसून फक्त चुका बघतो. हे मला सोयीचे आहे, कारण उभे राहून बोलताना माझा आवाज कापतो.

गेल्या रविवारी सुलाबाईने विचारले, "पण शून्यच का गं? एका बाजूला शून्य कशाला घेऊन बसलात?"

वहिनींनी सांगितले, दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तर दोघींपैकी एक तरी शून्य असलीच पाहिजे. दुसरी कितीही मोठी असो. दहा आला असता तर कोण किती ते कळले नसते. शून्य आले की चोर सापडतो.

"म्हणजे दोघांतला एक फुका गेला, तवाच हिशेब सुटला," सुलाबाई म्हणाली.

मला मामाची खोली आठवली. मामाने एकालाच शिकवीन म्हटले, म्हणून आपल्या दोघांपैकी एकाने शून्य व्हायचे होते, असे तू धरलेस. कोणी व्हायचे तेही तूच ठरवलेस. आपण दोघेही पास झालो असतो तर मामाने काय केले असते? कदाचित ओव्हरटाइम केला असता. कदाचित नसता. मामा आता नाही, म्हणून हे मला विचारता येत नाही. तू मात्र तेव्हा विचारू शकला असतास.

वहिनींचा हात आता बसला आहे. कंस पाडला की त्या प्रत्येकासमोर बरोबर शून्य लिहितात, मग उत्तर, मग डावीकडे लहान अक्षरात ताळा. ओळी इतक्या सरळ की मशीनने शिवल्यासारख्या वाटतात. हे तुझ्या माहितीसाठी.

धोंडीराम


रविवार, दिनांक १८ मार्च १९८४.

जयराम,

बीजगणिताचा पेपर झाला. केंद्र गंगापूर रोडला होते. मी अर्धी रजा टाकून फाटकाबाहेर उभा होतो. सगळ्या मुली सोळा वर्षांच्या आणि त्यांच्यात हिरव्या लुगड्याची एकच बाई, त्यामुळे बाहेर येताना लांबूनच दिसली.

मी फूटपाथवर उभे राहून त्यांच्याकडून सगळा पेपर तोंडी घेतला. वर्गसमीकरणाचे शाब्दिक उदाहरण आले होते. दिवाणखाना आणि सतरंजी. मी विचारले, चिन्ह? म्हणाल्या, बदललं. विचारले, अमान्य उत्तराचे कारण लिहिले? लिहिलं. ताळा?

"भाऊजी, ताळा करून मग घंटा झाली. सतरंजी बरोबर बसली."

आम्ही उसाचा रस प्यायलो आणि चालत परत आलो. रस्त्यात जे बोलणे झाले त्याचा गणिताशी संबंध नाही, म्हणून लिहीत नाही.

निकाल जूनमध्ये आहे. तुला रात्री झोप येत असेल तर जूनपर्यंत घे.

धोंडीराम


रविवार, दिनांक २४ जून १९८४. सकाळचे नऊ.

जयराम,

पास झाल्याचे मावशीने तुला तारेने कळवले होते. गणितातल्या मार्कांसाठी तारेत शब्द वाढले असते, म्हणून ते मी लिहितो : शंभरातले अडुसष्ट. तुला किती होते ते मला आठवते. त्यापेक्षा जास्त आहेत.

तुझे उत्तर गुरुवारी आले. या वेळी ते वाचायला मी लागलो नाही. वहिनींनी स्वतः पाकीट फोडले आणि मावशीला मोठ्याने वाचून दाखवले. क्वार्टर अजून नावावर झाले नाही, नेण्याची घाई नाही, दहावीला आजकाल कोण विचारतो, आता बारावी करावी, मग बघू.

मावशी म्हणाली, "म्हणजे पास झाली तरी नाय आणि नापास झाली तरी नाय."

वहिनींनी पत्राची घडी घातली आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्यांना लिहिता ना, तर माझ्यातर्फे दोन ओळी लिहा. अट त्यांनी घातली होती, ती मी पुरी केली. दोन उत्तरं आली. एक बडोदा, एक नाशिक. बडोदा अमान्य."

मी लिहून घेतले.

"कारण लिहा खाली," त्या म्हणाल्या. "नायतर अर्धा मार्क जातो. लिहा, बाई पास होऊ नये म्हणून मास्तर निवडणाऱ्या माणसाच्या घराची रुंदी उणे असते. तिथं राहता येत नाय."

हे वाक्य त्यांचे आहे. मी त्यात फक्त पूर्णविराम घातले.

वहिनींचे नाव नर्सिंगच्या कोर्सला लागले आहे. दहावीचा दाखला लागत होता, तो आता आहे. पहिल्या तारखेपासून हॉस्टेलवर राहतील, महिन्याला थोडे पैसे मिळतील. रंगनाथमामा नांदगावहून आले होते. त्यांना सगळे सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, मुलीनं माप उलटं घालून पाहिलं ते बरं केलं. सुट्टीच्या दिवशी वहिनी कॉलनीत मावशीकडेच येणार आहेत. मावशीने त्यांची ट्रंक आपल्या खाटेखाली ठेवून घेतली आहे, तुझी काढून.

काल विहारात पास झालेल्या मुलांचा सत्कार होता. मी ठरवले होते की या वेळी उभे राहायचे आणि तुझी हळदीतली गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची. तीन वर्षे मी ती मनात घोकली होती. कोणत्या शब्दानंतर थांबायचे तेही ठरले होते. पण नारळ देऊन झाल्यावर माझ्याआधी मावशी उठली. तिने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडले नव्हते. ती म्हणाली, "माझ्या पोरानं ह्या धोंडीरामला चिन्ह उलटं शिकवून नापास केलं. आन् मग बायकोलाही तसंच करायला बघितलं. मला लिहिता येत नाय, म्हणून म्या तोंडानं सांगते. दिवाळीला तो आला, तर त्याला माझ्या दारात कोणी पाणी देऊ नका."

आणि खाली बसली. काळू समोरच होता. हळदीला हसला होता तोच. या वेळी त्याने चपला शोधल्या आणि निघून गेला.

मी उभा राहिलो नाही. सांगायचे काही उरले नव्हते. मला वाटले होते मला आनंद होईल. झाला, पण तो मी मोजला होता त्यापेक्षा लहान निघाला, आणि सभा उठली तरी मावशी वहिनींचा नारळ मांडीत घट्ट धरून बसून होती, ते मला अजून दिसते. त्याची भर तुझ्या खात्यावर घालतो.

मी ऑक्टोबरच्या परीक्षेला फक्त गणिताचा फॉर्म भरला आहे. वहिनी म्हणाल्या, बुधवारी हॉस्टेलच्या फाटकाशी वही घेऊन या, मी तपासून देते.

यापुढे मी तुला पत्र लिहिणार नाही. हिशेब खाली देत आहे. माझ्या ऑक्टोबरच्या फॉर्मचे पैसे त्यात धरलेले नाहीत. ते माझे मी भरले.

सतरा नंबरचा फॉर्म आणि परीक्षा फी : रु. ५५.००
बीजगणित, जुने : रु. २.५०
भूमिती, नवे : रु. ६.७५
कंपासपेटी : रु. ९.००
वह्या, सहा : रु. ९.००
ब्लेड आणि खळीचे पीठ : रु. ०.६०
बसभाडे, अंबड ते कॉलनी : रु. ३८.४०
निकालाचे पेढे : रु. १२.००
तुला लिहिलेल्या पत्रांची पाकिटे, या पत्रासह सहा : रु. ३.००
एकूण खर्च : रु. १३६.२५

मावशीने दिले : रु. ४०.००
ब्लेड आणि खळ माझ्या नावावर, कारण ते काम माझे होते : रु. ०.६०

तुझ्याकडून येणे : रु. ९५.६५

ताळा करून पाहिला. जुळतो.

धोंडीराम